बोट रेषेवर टिकत नाही : वारा, पाण्याची ओढ आणि कंट्रोलर (हतनूर बॅकवॉटर)

तापीकाठचा_पोऱ्या · शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. भुसावळकडचा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आम्ही चौघांनी मिळून माणूस न बसणारी एक छोटी बोट बनवली आहे. तिचं काम एकच. पाण्यावर समांतर रेषा मारत जायचं आणि खालच्या सोनारने (आवाजाने खोली मोजणारं यंत्र) खोली नोंदवत राहायचं, म्हणजे गाळ कुठे किती साचलाय त्याचा नकाशा निघतो. हतनूर धरणाच्या गाळाचं रडगाणं इथल्या लोकांना नव्याने सांगायला नको.

बोट म्हणजे दोन पीव्हीसी पाइप, वर प्लायची फळी, लांबी १.२ मीटर, वजन १९ किलो. मागे दोन थ्रस्टर, म्हणजे पाण्यातल्या पंख्याच्या मोटरी. सुकाणू नाही, वळायचं असलं की एक मोटर जास्त फिरवायची, एक कमी. आरटीके जीपीएस आहे, म्हणजे सेंटिमीटरमध्ये जागा सांगणारं, तेही सेकंदाला ५ वेळा. कंपास आहे. वर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, कोड आमचाच. कोड अगदी साधा : रेषेवर ५ मीटर पुढचा बिंदू बघायचा आणि नाक तिकडे करायचं. पाण्यातला वेग साधारण १.२ मीटर प्रति सेकंद.

जळगावला मेहरूण तलावात सगळं झकास चाललं. रेषेपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर इकडेतिकडे. मग रीतसर परवानगी काढून चांगदेवजवळ, जिथे पूर्णा तापीला मिळते तिथून थोडं खाली, नदी ओलांडणाऱ्या रेषा मारल्या. त्या दिवशी धरणाचे काही दरवाजे उघडे होते. सकाळची वेळ, वारा जवळजवळ नाही. तरी दक्षिणेकडून उत्तरेला जाताना बोट रेषेच्या पश्चिमेला २.८ मीटर. परत येताना ०.९ मीटर, तेही पश्चिमेलाच. आणि हे डुलणं नाही हो, रेषेला अगदी समांतर, शहाण्यासारखी जाते, फक्त चुकीच्या जागेवरून.

५ मीटरचे २ मीटर करून पाहिले तर बोट सापासारखी वळवळायला लागली. सर म्हणतात रोबस्ट कंट्रोल (बाहेरच्या धक्क्यांना दाद न देणारा) लावा, स्लायडिंग मोड वाचा, आणि प्रोजेक्टच्या नावात ट्रॅजेक्टरी ट्रॅकिंग लिहा. रिसर्च पेपर वाचले तर प्रत्येकाचा कंट्रोलर (चूक बघून मोटरीला हुकूम देणारा नियम) दुसऱ्यापेक्षा भारी. नेमकं काय लावू?

---

केळीचा_घड · शनिवार, रात्री ११:०५

रावेरहून हजेरी. तांत्रिक काही कळत नाही, पण पश्चिमेलाच का जाते म्हणता? तापी पश्चिमेला जाते म्हणून! मुलताईपासून खंबायतच्या आखातापर्यंत ७२४ किलोमीटर ती तेच करते. तुमची बोट तिच्याशी वाद घालत नाही, एवढंच.

---

तापीकाठचा_पोऱ्या · शनिवार, रात्री ११:१२

ते कळलं हो दादा. पण जाताना २.८ आणि येताना ०.९ का?

---

लायपुनॉव्हचा_भाचा · रविवार, सकाळी ७:३०

मूळ धुळ्याचा, सध्या बाहेरगावी याच विषयात पीएचडी करतोय, म्हणून राहवलं नाही.

तुझ्या प्रश्नाची चौकट अशी. बोटीच्या तीन हालचाली धरायच्या : पुढे-मागे, आडवं सरकणं आणि नाक फिरणं. मोटरी दोनच, दोन्ही मागे, दोन्ही सरळ ढकलणाऱ्या. म्हणजे पुढचा जोर तुझ्या हातात, फिरवण्याचा जोर तुझ्या हातात, पण आडवा जोर शून्य. याला अंडरअॅक्च्युएटेड म्हणतात. हे नुसतं नाव नाही. ब्रॉकेटने १९८३ साली दाखवून दिलेली एक अट आहे, तिचा परिणाम असा की अशा बोटीला एका जागी, एका दिशेला तोंड करून टिकवायला साधा गुळगुळीत, वेळेनुसार न बदलणारा फीडबॅक (आत्ताची अवस्था बघून जोर ठरवणं) पुरतच नाही. कितीही ट्यूनिंग कर. चालत्या बोटीला सुदैवाने ही अट आड येत नाही.

माझा सल्ला स्लायडिंग मोडचा. ही पद्धत सोव्हिएत रशियातली, इंग्रजी वाचकांपर्यंत ती ठळकपणे आली उटकिनच्या १९७७ च्या लेखाने. कल्पना सुंदर आहे. चूक आणि चुकीचा वेग यांचं एक गणिती पृष्ठ ठरवायचं. बोटीची अवस्था त्या पृष्ठाच्या या बाजूला असेल तर पूर्ण जोर इकडे, त्या बाजूला असेल तर पूर्ण जोर तिकडे. एकदा पृष्ठावर आली की घसरत शून्य चुकीकडे जाते. बाहेरचा धक्का नेमका किती हे माहीत असण्याची गरज नाही, तो जास्तीत जास्त किती असू शकतो एवढं कळलं की पुरे. त्या कमाल मर्यादेपेक्षा तुझा गेन, म्हणजे उलट जोराचं माप, मोठा ठेव, सिद्धतेची जबाबदारी माझी.

---

सुकाणू_७१ · रविवार, सकाळी ९:१५

चोपड्याचा. जहाजांवर इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त. भाचेबुवा, तुमचं गणित बरोबर असेल. पण "पूर्ण जोर इकडे, पूर्ण जोर तिकडे" हे वाक्य वाचून माझ्या छातीत धस्स झालं. जहाजावर ऑटोपायलट नीट बसवलेला नसला की सुकाणू सारखं इकडून तिकडे फिरत राहतं, त्याला हंटिंग म्हणतात. तेल जळतं, स्टिअरिंग गिअर झिजतो, आणि जहाज काही सरळ जात नाही ते नाहीच.

पोरा, आधी एक सांग. तुझी एक मोटर खरोखर किती किलो ओढते? डब्यावर छापलेलं नको, मोजलेलं.

---

तापीकाठचा_पोऱ्या · रविवार, दुपारी १:५०

काका, मोजलं नव्हतं. आज घरच्या हौदात ताणकाटा लावून मोजलं. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतली त्यांनी ५ किलो लिहिलं होतं. काटा २.९ च्या वर जात नाही. उलटी फिरवली तर २.१. दोन मोटरींना मिळून पुढे ५.८ किलो, म्हणजे साधारण ५७ न्यूटन. दुकानदाराशी भांडण सुरू आहे.

---

पवनचक्की · रविवार, संध्याकाळी ६:२०

साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीला असतो. वाऱ्याचा हिशोब मी सांगतो, तो आमचा रोजचा.

वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गात वाढतो. तुमच्या बोटीचं पाण्यावरचं अंग बाजूने बघितलं तर डबा, अँटेनाची काठी, पाइपांचा वरचा भाग धरून पाव चौरस मीटर धरू. ताशी २९ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ८ मीटर. त्याला साधारण ९ ते १० न्यूटन रेटा, म्हणजे एक किलोच्या आसपास. तोच वारा १२ मीटरचा झाला तर दीडपट नाही, सव्वादोन पट. २१-२२ न्यूटन. झोताला कुणी विचारत नाही, पण खेळ सगळा झोतांचाच असतो. सरासरी वाऱ्यावर ट्यून केलेली कुठलीही वस्तू झोतात सापडते. मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात त्या सरासरी वाऱ्याने नाही.

दुसरं, तापीचं खोरं पश्चिमेला उघडं, वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग. पावसाळ्यातला वारा सरळ नळीतून यावा तसा नदीच्या उलट्या दिशेने येतो. म्हणजे तुमच्या बोटीला पाणी पश्चिमेला नेतं आणि वारा पूर्वेला ढकलतो. वारा आणि धार आमनेसामने आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, तेही लक्षात ठेवा.

---

घरबसल्या · रविवार, रात्री ८:०२

बाळबोध प्रश्न. जीपीएस सेंटिमीटरमध्ये सांगतं ना? मग बोटीला कळत नाही का की आपण २.८ मीटर बाजूला आहोत? कळतंय तर दुरुस्त का करत नाही?

---

गिरणामाई · रविवार, रात्री ९:४५

मूळ चाळीसगावची, पुण्यात एम्बेडेडमध्ये काम करते. घरबसल्या, तुमचा प्रश्न बाळबोध नाही, धाग्याचा गाभा तोच आहे.

बोटीला कळतंय आणि ती दुरुस्तही करतेय. बाजूला गेल्यामुळे तिचं नाक रेषेकडे तिरपं होतं. पण तेवढ्या तिरपेपणात पाण्याची ओढ बरोबर फिटते, मग आणखी जवळ यायला काही उरत नाही. आकड्यांत बघा. समजा पाण्याची आडवी ओढ सेकंदाला ०.४ मीटर, बोटीचा वेग १.२. रेषेला समांतर जायचं तर नाक साधारण साडेएकोणीस अंश धारेच्या वर ठेवायला हवं. आणि या कोडमध्ये नाक साडेएकोणीस अंश तिरपं कधी होतं? बोट रेषेपासून ५ × ०.३५, म्हणजे पावणेदोन मीटर बाजूला असेल तेव्हाच. चूक असल्याशिवाय उत्तर मिळत नाही, म्हणून चूक कायम राहते. २ मीटरचं अंतर ठेवलं तर चूक ७० सेंटिमीटरवर येईल, पण बोट घाबरट होते, ते त्यांनी अनुभवलंय.

आता २.८ आणि ०.९. तापीकाठ, हे मला जास्त रंजक वाटतं. दोन्हींचे कोन काढ. २.८ ला २९ अंश, ०.९ ला १० अंश. सरासरी साडेएकोणीस, तीच ओढ, ०.४ च्या आसपास. आणि दोन्हींतला फरक १९, त्याचा निम्मा साडेनऊ. ओढ दोन्ही वेळा पश्चिमेलाच ढकलणार. पण जाताना भर घालणारी आणि येताना वजा होणारी गोष्ट बोटीवरच बसलेली असते. तुझा कंपास साडेनऊ अंश वाकडा बसलाय का बघ.

---

तापीकाठचा_पोऱ्या · रविवार, रात्री १०:३०

ताई!!! मेहरूणनंतर डब्यात पाणी शिरलं होतं. उघडून, वाळवून परत बसवला तो माझ्याच हाताने. आत्ता कोनमापक लावला. घड्याळाच्या दिशेने नऊ-दहा अंश फिरलेला आहे.

मी सरांना काय तोंड दाखवू.

---

केळीचा_घड · रविवार, रात्री १०:३४

तोंड दाखव, पण साडेनऊ अंश फिरवून.

---

लायपुनॉव्हचा_भाचा · सोमवार, सकाळी ८:००

गिरणामाई, निदान छान, पण एक सावधगिरी. हा तर्क कंपास वाकडा *बसलेला* असेल तरच चालतो, कारण ती चूक प्रत्येक दिशेला सारखी असते. बोटीवरच्या लोखंडाने किंवा मोटरीच्या वायरमधल्या करंटने होणारी चूक वेगळी. ती बोटीबरोबर फिरते, आणि उलट दिशेला तोंड केलं की तिचं चिन्हही उलटं होतं. मग ती जाता-येता एकाच बाजूला ढकलते, हुबेहूब पाण्याच्या ओढीसारखी. त्या ०.४ मध्ये कंपासचंही थोडं पाप मिसळलेलं असू शकतं.

---

सुकाणू_७१ · सोमवार, सकाळी ८:४०

ते वेगळं काढायला गणित कशाला? मोटरी बंद करा, दोन मिनिटं बोट सोडून द्या, जीपीएसने किती वाहिली ते बघा. कंपासचा संबंधच नाही.

---

भोई_चांगदेव · सोमवार, रात्री ९:१०

धागा दोन दिवस वाचतोय. आमच्या घरात नाव चालवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या. वडील या काठावरून त्या काठाला माणसं सोडायचे, महाशिवरात्रीच्या यात्रेला तर दिवसभर उसंत नसायची. तुमचा हा साडेएकोणीस अंश आमच्याकडे बाभळीत मोजतात. उतरायचं असतं देवळाच्या घाटाला, पण नाक धरायचं वरच्या अंगाच्या एका बाभळीवर. पाणी वाढलं की त्याच्याही वरची बाभूळ. वडील मध्यावर आले की एकदा मागच्या काठाकडे बघायचे. घाट घसरतोय असं दिसलं की बोलायचे नाहीत, फक्त झाड बदलायचे. वाऱ्याचा एक झोत आला म्हणून मात्र झाड बदलत नसत. दम धरायचे.

तुमच्या बोटीला झाड बदलता येतं का भो?

---

सुकाणू_७१ · सोमवार, रात्री ९:५५

भोईभाऊ, तुम्ही जे लिहिलंत ते एका माणसाने १९२२ साली छापलं आणि आजचा पीआयडी कंट्रोलर त्यातून आला. निकोलस मिनोर्स्की. अमेरिकन नौदलासाठी जहाजाच्या आपोआप सुकाणूचा विचार करताना त्याचं लक्ष कसलेल्या सुकाणूवाल्यांकडे होतं. चांगला सुकाणूवाला नुसती आत्ताची चूक बघत नाही, ती किती वेगाने वाढतेय ते बघतो, आणि बराच वेळ एकाच बाजूला राहिली असेल तर तेही धरतो. तुमच्या वडिलांची बाभूळ म्हणजे तो तिसरा भाग, इंटिग्रल. आणि "दम धरायचे" हे ट्यूनिंग.

---

तापीकाठचा_पोऱ्या · गुरुवार, रात्री ११:२०

अहवाल. कंपास सरळ केला, वायरी लांब नेल्या. बुधवारी सकाळी मोटरी बंद करून बोट सोडली, दोन मिनिटांत ४६ मीटर वाहिली, म्हणजे ०.३८. ताईंचा हिशोब आणि काकांचा प्रयोग जुळले. दुपारी पश्चिमेचा वारा उठल्यावर तीच बोट दोन मिनिटांत ३१ मीटरच वाहिली. पवनचक्की दादा, सलाम.

इंटिग्रल घातला. आता रेषेच्या मध्यावर चूक १५ सेंटिमीटर, जाताना आणि येताना सारखी. पण दोन नव्या कटकटी. एक, प्रत्येक रेषेच्या सुरुवातीचे १५ मीटर वाया जातात. वळून परत फिरली की इंटिग्रल जुन्या बाजूचंच उगाळत असतो, बोट आधी उलटीकडे जाते मग शहाणी होते. दोन, सरांच्या आग्रहाने नाक फिरवण्याच्या लूपमध्ये (कोडचा नाक सांभाळणारा भाग) भाच्यांनी सांगितलेला स्लायडिंग मोड घातला. बोट सरळ गेली, खोटं का बोलू. पण मोटरी अशा टर्रटर्र करत होत्या की काठावरचे बगळे उडाले. दहा मिनिटांत स्पीड कंट्रोलरला हात लावता येईना आणि एका शाफ्टचं कपलिंग सैल झालं.

---

लायपुनॉव्हचा_भाचा · शुक्रवार, सकाळी ७:४५

अरे, कोरा साइन (sign, फक्त अधिक की उणे एवढंच बघणारा) फंक्शन घातलास का? तो फक्त फळ्यावर असतो! त्या टर्रटर्रीला चॅटरिंग म्हणतात, आणि या विषयातले निम्मे पेपर तिच्यावरच आहेत. पृष्ठाच्या दोन्ही बाजूंना एक पट्टी ठेव, पट्टीच्या आत जोर हळूहळू बदलू दे. किंवा सुपर-ट्विस्टिंग वापर, लेव्हंटने १९९३ साली मांडलेला. त्यात तो तुटकपणा इंटिग्रलच्या आत ढकललेला असतो, मोटरला जाणारा हुकूम अखंड राहतो. अर्थात तुझ्या मोटरीला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो, त्यामुळे थोडी थरथर राहीलच.

एक मात्र कबूल करतो, पहिल्या प्रतिसादात मी सांगायला हवं होतं. स्लायडिंग मोडचं वचन फक्त अशा धक्क्यांसाठी आहे जे तुझ्या जोराच्याच वाटेने आत येतात. आम्ही मॅच्ड म्हणतो. नाक फिरवणारा धक्का मॅच्ड, कारण नाक फिरवायला तुझ्याकडे मोटर आहे. समोरचा वारा मॅच्ड. पण आडवी ओढ अनमॅच्ड. तिच्याविरुद्ध गेन दहापट केलास तरी उपयोग नाही, त्या दिशेला ढकलणारं काही बोटीवर नाहीच. तो धक्का नाकाच्या कोनातूनच फेडायचा.

आणि काकांचा मोजणीचा आग्रह का महत्त्वाचा तेही आता लिहितो. कमाल धक्क्यापेक्षा मोठा गेन ठेवायचा, हे सिद्धतेत एका ओळीत लिहून होतं. बोटीवर तो गेन ५७ न्यूटनमधूनच यावा लागतो.

---

गिरणामाई · शुक्रवार, रात्री १०:१०

पहिल्या कटकटीचं बघू. तुझा इंटिग्रल बोटीच्या डाव्या-उजव्यात साठवलेला आहे. बोट वळली की डावं-उजवं उलटतं, नदी मात्र वळत नाही. म्हणून ओढ साठवायची ती उत्तर-पूर्व अशा जमिनीच्या भाषेत.

करायचं असं. जीपीएस जमिनीवरचा वेग देतं. मोटरच्या हुकमावरून बोटीचा पाण्यातला वेग किती ते तू मेहरूणच्या शांत पाण्यात मोजून तक्ता करू शकतोस, कंपासवरून त्याची दिशा. पहिल्यातून दुसरा वजा कर. उरतं ते पाण्याने आणि वाऱ्याने नेणं, उत्तर किती, पूर्व किती. त्याला आठ-दहा सेकंदांची गाळणी (फिल्टर) लाव. वळताना बोट आडवी घसरते, तेव्हा मोजणं थांबवून जुना आकडा धरून ठेव. नवी रेषा सुरू झाली की त्या आकड्यातून आडवी ओढ काढ आणि नाकाचा कोन पहिल्या क्षणापासून दे. ५ मीटरवाला नियम वर तसाच राहू दे, उरलंसुरलं तो बघेल, इंटिग्रल अगदी बारीक.

फॅशनेबल नाव हवं असेल तर याला डिस्टर्बन्स ऑब्झर्व्हर म्हण. चीनमधल्या हान जिंगचिंग यांनी हाच विचार टोकाला नेला. धक्क्याचं मूळ वारा की पाणी की तुमच्या मॉडेलमधली चूक, या भानगडीत न पडता सगळ्याला मिळून एक अज्ञात आकडा धरायचा, तो सतत अजमावायचा आणि वजा करायचा. त्यांचा त्यावरचा इंग्रजी लेख २००९ चा आहे, वाचायला सोपा आहे.

---

पवनचक्की · शुक्रवार, रात्री १०:४०

ताई, दहा सेकंदांची गाळणी म्हणजे झोत निघून गेल्यावर कळणार.

---

गिरणामाई · शुक्रवार, रात्री ११:१५

बरोबर, आणि इथे मला पक्कं उत्तर नाही, तडजोड आहे. गाळणी जलद केली तर लाटाही आत शिरतात. तापीकाठ, दुपारी दहा लाटा मोजून किती सेकंद लागतात ते सांग.

---

तापीकाठचा_पोऱ्या · शनिवार, दुपारी ४:०५

१३ सेकंद.

---

गिरणामाई · शनिवार, दुपारी ४:३०

म्हणजे लाट १.३ सेकंदांची. तुझ्या मोटरीला जोर धरायला अर्धा सेकंद जात असेल. लाटेशी भांडायला गेलास तर प्रत्येक वेळी उशिरा पोचशील आणि बॅटरी संपेल ती वेगळी. मोठ्या जहाजांना एका जागी धरून ठेवणाऱ्या यंत्रणाही लाटेचं वरखाली-मागेपुढे मुद्दाम सोडून देतात, फक्त हळू वाहणं फेडतात. म्हणून नाकाच्या लूपमध्ये दीड-दोन सेकंदांचा जलद ऑब्झर्व्हर, तो झोताने नाक फिरलं तर सावरेल. ओढीसाठी हळू ऑब्झर्व्हर. मधला झोत बोटीला थोडं सरकवेल, सरकू दे. भोईदादांचे वडीलही दम धरायचेच.

---

घरबसल्या · शनिवार, संध्याकाळी ५:१०

सरांनी प्रोजेक्टच्या नावात ट्रॅजेक्टरी ट्रॅकिंग लिहायला सांगितलंय म्हणालास. रेषेवर चालणं आणि ते एकच ना?

---

लायपुनॉव्हचा_भाचा · शनिवार, संध्याकाळी ६:००

नाही. रेषेवर चालणं म्हणजे वाट पाळणं, वेळ कितीही लागो. ट्रॅजेक्टरी ट्रॅकिंग म्हणजे वेळेसकट वाट पाळणं. ४२ व्या सेकंदाला अमुक ठिकाणी असायलाच हवं. समज, तुझ्या पुढे एक न दिसणारी बोट चाललीये आणि तू तिला गाठून राहायचंय. दोन बोटी शेजारी चालवायच्या असतील तर ते हवंच.

---

सुकाणू_७१ · शनिवार, संध्याकाळी ६:५०

गाळ मोजायला त्याची गरज काय? गाळ कुठे पळून जात नाही.

---

लायपुनॉव्हचा_भाचा · शनिवार, संध्याकाळी ७:२०

काका, गुण सर देणार आहेत, गाळ नाही.

---

तापीकाठचा_पोऱ्या · दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:००

उशीर झाला, परीक्षा होती. ताईंचा ऑब्झर्व्हर घातला, स्लायडिंग मोड पट्टीसकट फक्त नाकाच्या लूपमध्ये ठेवला. बगळे आता बसून असतात.

साधी वाट पाळताना : वळल्यावर चार-पाच मीटरांतच चूक ३० सेंटिमीटरच्या आत. पूर्वी १५ मीटर लागायचे. दुपारच्या झोतांत मध्येच ६० पर्यंत जाते, परत येते.

मग वेळेसकटवाला प्रकार, नदीच्या लांबीच्या रेषेवर. धारेच्या उलट जाताना न दिसणारी बोट पुढे निघून गेली, कंट्रोलरने तिला गाठायला दोन्ही मोटरी फुल केल्या, आणि तिथेच घात झाला. दोन्ही फुल म्हणजे वळायला फरकच शिल्लक नाही! बोट वेगात, पण नाक वाऱ्याच्या मर्जीवर. शेवळाच्या थरात जाऊन थांबली. मित्राला कमरेइतक्या पाण्यात उतरून आणावी लागली, त्याने अजून माझ्याशी बोलणं टाकलेलं आहे.

आता असं केलंय. वळण्याचा जोर आधी बाजूला काढून ठेवायचा, उरलेला पुढे जाण्याला, तोही सत्तर टक्क्यांवर कापलेला. आणि आम्ही ३ मीटरपेक्षा जास्त मागे पडलो तर न दिसणारी बोटच हळू होते. सर म्हणाले, मग हे ट्रॅकिंग कसलं? मी ताणकाट्याचा आकडा दाखवला. गप्प बसले, मग म्हणाले, हे रिपोर्टात लिही.

---

सुकाणू_७१ · रविवार, रात्री १०:२५

त्यांना माझा नमस्कार सांग.

---

भोई_चांगदेव · रविवार, रात्री १०:५०

वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ओढ वाढली की आम्ही काठाकाठाने वर चढायचो, तिथे पाणी मऊ असतं. धारेच्या मध्यातून उलटं कशाला नेता?

---

तापीकाठचा_पोऱ्या · रविवार, रात्री ११:०२

भोईदादा, तुमचे वडील म्हणतात ते खरं आहे, पण गाळ मध्येही मोजायचाय ना. पाण्याला जोर असताना मधल्या रेषा खालच्या दिशेने आणि काठाच्या रेषा वरच्या दिशेने, असा क्रम लावून बघतो. कोडमध्ये फार बदल नाही.

आणि एक नवीन प्रश्न. जलपर्णीची दोरी एका पंख्यात अडकली की ती मोटर अर्ध्यावर येते. ऑब्झर्व्हरला वाटतं वारा आला, आणि तो बिचारा त्या वाऱ्याशी लढत बसतो. करंट मोजून हे वेगळं ओळखता येईल का? कुणी केलंय?

---

गिरणामाई · सोमवार, सकाळी ७:१५

येईल. तेवढ्याच हुकमाला करंट वाढला आणि बोट वळायला लागली तर अडकलंय. करंट तेवढाच असून वळली तर वारा. प्रत्येक मोटरला वेगळा सेन्सर लाव, दोघींना मिळून एक लावू नकोस. आणि अडकलं की दोन सेकंद उलटी फिरवून बघ, बऱ्याचदा सुटतं.

---

केळीचा_घड · सोमवार, सकाळी ७:४०

पुढची चाचणी कधी? वांगी माझी, भरीत तिथेच काठावर. बगळ्यांनाही बोलवा.